पिंपावरचा आकडा कोणी तपासला?

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई

महोदय,

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. जमिनीवरून भांडलो, मासेमारीवरून, भूकंपावरून, विजेच्या दरावरून भांडलो. कचऱ्याचा विषयही निघाला, पण तो 'ठेवणार कुठे?' या प्रश्नापुढे फारसा गेला नाही. ठेवायच्या त्या पिंपात नेमकं काय आहे, किती आहे, ते कोण कशानं मोजतं आणि ते मोजणं बरोबर आहे हे कुणी पडताळून पाहिलं, हे विचारायचं बहुतेकांच्या डोक्यातच आलं नाही. विरोधकांच्या नाही आणि समर्थकांच्याही नाही. म्हणून हे पत्र.

मी पालघर जिल्ह्यात राहतो. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. अणुऊर्जेचा विरोधक नाही. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून त्या विजेवर आमचे दिवे लागले आहेत. या पत्रात घबराट पसरवणारं काही सापडणार नाही. माझी तक्रार मोजमापाची आहे. पत्र जाहीर असल्यामुळे आपल्याला पाठ असलेल्या काही गोष्टी वाचकांसाठी सांगाव्या लागतील, तेवढं सांभाळून घ्यावं.

अणुकचरा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर वापरलेलं इंधन येतं. त्याच्या पुनर्प्रक्रियेतून निघणारा अतितीव्र द्रव आपण काचेत घट्ट करतो आणि तारापूरला हवेनं थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतो. त्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष पुष्कळ आहे. माझा विषय त्याहून गबाळा आहे: हातमोजे, पुसायची फडकी, गाळण्या, कापलेले पाइप, जुने पंप, पाणी शुद्ध करून थकलेलं रेझिन, सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ. आकारमानानं सर्वांत मोठा वाटा याचाच. तो बहुतेक दोनशे लिटरच्या पोलादी पिंपांत भरतात आणि प्रकल्पाच्या आवारातच जमिनीलगत ठेवतात. सौम्य असेल तर दगडी चरांत, त्याहून तीव्र असेल तर काँक्रीटच्या चरांत, आणि आणखी तीव्र असेल तर 'टाइल होल' म्हणतात त्या उभ्या नळकांड्यांत. कुठलं पिंप कुठे जाणार हे मापावरून ठरतं.

आणि माप म्हणजे काय? आपल्याकडे घन कचऱ्याचे गट पाडण्याची रूढ रीत पिंपाच्या पृष्ठभागावरच्या मात्रादरावर उभी आहे. ताशी २ मिलिग्रेपर्यंत पहिला गट, २ ते २० दुसरा, २० च्या वर तिसरा. अल्फा सोडणाऱ्या द्रव्यांचा चौथा. लांब दांड्याचं मीटर पिंपाला लावायचं, आकडा वाचायचा, पिंपावर चिठ्ठी डकवायची. पिंप उचलणाऱ्या कामगाराच्या दृष्टीनं ही रीत अगदी योग्य आहे, कारण त्याच्या अंगाला लागणारा किरण तोच आहे जो मीटरला लागतो. पण पिंप चरात गेलं की कामगार घरी जातो आणि पिंप तिथेच राहतं. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य तीस वर्षं; दहा अर्धायुष्यं म्हणजे तीनशे वर्षं. तीनशे वर्षांत पाऊस, भरती, गंज यांच्याशी गाठ पडल्यावर काय झिरपेल याचं गणित मांडायचं तर पृष्ठभागावरचा मात्रादर कामाचा नाही. आत कोणतं मूलद्रव्य किती बेकरेल आहे, ते लागतं.

एक साधा हिशोब मांडतो. सीझियम-१३७ चा गॅमा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. काँक्रीटमधून जाताना साधारण दर चार सेंटिमीटरला त्याचा झोत निम्मा होतो. दोनशे लिटरच्या पिंपाची त्रिज्या २८ सेंटिमीटरच्या आसपास. सिमेंट भरलेल्या पिंपाच्या मधोमध सीझियमचा गठ्ठा असेल तर बाहेर पडेपर्यंत तो झोत सात वेळा निम्मा होईल, म्हणजे १२८ मधला एक. तोच गठ्ठा पत्र्याला चिकटून असेल तर त्या बाजूनं जवळजवळ बिनअडथळा बाहेर. विखरून येणारे किरण हिशोबात घेतले तर ही तफावत कमी होते. अंतर हिशोबात घेतलं तर पुन्हा वाढते. दोन पिंपं, मीटरवर एकच आकडा, आणि आतला ऐवज कित्येक पटींनी वेगळा, हे सहज घडू शकतं.

हे मी प्रयोगशाळेत करून दाखवत असे. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरायची, बटणाएवढा सीझियमचा स्रोत आत कुठेतरी पुरायचा, झाकण लावायचं, आणि एमएस्सीच्या मुलांना म्हणायचं, डबा न उघडता स्रोताची शक्ती सांगा. मुलं हुशार. सोडियम आयोडाइडच्या शोधकासमोर डबा ठेवायची, पडद्यावर ६६२ चा डोंगर उभा राहिला की त्याखालचं क्षेत्रफळ काढायची, कार्यक्षमतेनं भागायची आणि उत्तर वहीत लिहायची. प्रत्येक गटाचं उत्तर निराळं, आणि प्रत्येक उत्तरापुढे उणे-अधिक दोन-तीन टक्के! ते दोन-तीन टक्के मोजणीच्या आकडेशास्त्राचे असत. स्रोत वाळूत नेमका कुठे आहे हे ठाऊक नसण्याची चूक त्यांत कुणी धरलेलीच नसे. मग एखादी मुलगी डबा हळूहळू फिरवून बघायची. आकडा कमी-जास्त झाला की विचारायची, "सर, डब्याच्या पलीकडे दुसरा स्रोत ठेवू का? वाळू किती अडवते ते तरी कळेल." त्या प्रश्नाला मी पूर्ण गुण देत असे, कारण पिंपांसाठी वापरतात तो सेगमेंटेड गॅमा स्कॅनर तिनं वीस मिनिटांत स्वतः शोधून काढलेला असे.

खऱ्या स्कॅनरमध्ये पिंप फिरत्या पाटावर ठेवतात आणि थराथरानं मोजतात. पलीकडून ज्ञात स्रोताचा किरण आरपार सोडून त्या थराची अडवणूक काढतात. शोधक जर्मेनियमचा, द्रव नायट्रोजननं उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवलेला. आमच्या सोडियम आयोडाइडला जो डोंगर दिसे तो जर्मेनियमला सुईसारखा दिसतो, त्यामुळे शेजारशेजारचे किरणही वेगळे ओळखता येतात. पण हे यंत्र एका थरात सगळं सारखं पसरलेलं आहे असं गृहीत धरतं. मधोमध गठ्ठा असेल तर कमी सांगेल, कडेला असेल तर जास्त. त्यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत टोमोग्राफिक गॅमा स्कॅनर तयार झाला. तो इस्पितळातल्या सीटी स्कॅनसारखा पिंपाच्या आतल्या घनतेचा आणि किरणोत्साराचा नकाशा काढतो. वेळ मात्र बराच घेतो, आणि पिंप काँक्रीटनं गच्च भरलेलं असेल तर त्याचेही हात टेकतात.

यावर कुणी म्हणेल, एवढं कशाला, चार पिंपं फोडा, नमुना घ्या, रसायनशाळेत पाठवा. शितावरून भाताची परीक्षा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या जमते. पण ती जमते कारण भात सारखा शिजलेला असतो. पिंपात एका कोपऱ्यात रबरी हातमोजा, मध्ये लोखंडी झडप, तळाशी ओलं फडकं. त्यातलं शीत कुठून उचलणार? शिवाय पिंप फोडायचं म्हणजे माणसाला किरणांपुढे उभं करायचं आणि नवा कचरा निर्माण करायचा. म्हणून पिंप न फोडता मोजणं भाग आहे. आणि ते भाग आहे म्हणूनच त्या मोजण्यावर आंधळा विश्वास ठेवून चालणार नाही.

प्लुटोनियमची गोष्ट आणखी अवघड. त्याचे गॅमा किरण क्षीण; ४१४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक मोजण्याजोगा, पण प्लुटोनियमचा जाडसर खडा असेल तर तो आपलेच किरण गिळतो. मग न्यूट्रॉनकडे वळावं लागतं. प्लुटोनियम-२४० आपोआप भंगतं आणि दर ग्रॅममागे सेकंदाला हजाराच्या आसपास न्यूट्रॉन सोडतं. हे न्यूट्रॉन जोडीनं, तिघाचौघांनी, एकाच क्षणी बाहेर पडतात. अल्फा कणांनी हलक्या मूलद्रव्यांतून उडवलेले न्यूट्रॉन एकेकटे येतात. एकत्र आलेल्यांना एकेकट्यांपासून वेगळं काढायचं आणि त्यावरून वजन सांगायचं, अशी ही युक्ती. सुंदर आहे. पण पिंपात पॉलिथिन किंवा ओलावा असला की त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग मारतो आणि हिशोब बिघडतो. म्हणजे लोखंड गॅमाला अडवतं, न्यूट्रॉनला वाट देतं. ओलं फडकं न्यूट्रॉनला अडवतं, गॅमाला वाट देतं. हे ध्यानात आलं की 'सर्व प्रकारच्या कचऱ्यासाठी एकच यंत्र' असं लिहिलेलं कोणतंही माहितीपत्रक बाजूला ठेवावं. त्यातच भर म्हणजे न्यूट्रॉन मोजायला लागणारा हीलियम-३ वायू. अमेरिकेनं ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बंदरांवर आणि सीमांवर शोधकांच्या कमानी उभारल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याचा जगभर तुटवडा झाला. तेव्हापासून बोरॉनचे शोधक पुढे आले आहेत. तेही चांगले, पण हीलियमवर बसवलेलं जुनं अंशांकन त्यांना लागू पडत नाही.

बाकीची तंत्रं थोडक्यात. उष्णतामापनात पिंप कशानं भरलं आहे याला महत्त्वच नाही, कारण प्लुटोनियम-२३९ चा प्रत्येक ग्रॅम सुमारे १.९ मिलिवॅट उष्णता देणारच. मात्र मोठ्या पिंपाला त्यात तासन्‌तास, कधी दिवसही लागतात, आणि उष्णता कुणाची हे सांगायला पुन्हा गॅमाच लागतो. उच्च ऊर्जेचा क्ष-किरण आत द्रव डुचमळतो आहे का ते दाखवतो. आणि म्यूऑन. आकाशातून तळहाताएवढ्या जागेवर सेकंदाला साधारण एक म्यूऑन येत असतो. जड धातूतून जाताना तो जास्त वाकतो, आणि त्या वाकण्यावरून काँक्रीटच्या आत दडलेला युरेनियमचा तुकडा दिसू शकतो. ग्लासगो विद्यापीठात विकसित झालेलं हे तंत्र ब्रिटनच्या सेलाफिल्डमध्ये वापरात आलं. वेळखाऊ आहे, पण आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर म्यूऑन मोजले आहेत, आणि १९६५ मध्ये त्याच खाणीत वातावरणातल्या न्यूट्रिनोची चाहूल लागली. ती विद्या अणुशक्तीनगरपासून किती लांब आहे हे मी सांगायला नको. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा विषयात आपण पहिल्यांदा परदेशी विक्रेत्याचं दरपत्रक मागवतो.

न फोडता मोजण्याची खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. काही मूलद्रव्यं बाहेरून दिसतच नाहीत. स्ट्रॉन्शियम-९० फक्त बीटा सोडतं. ट्रिटियमचा बीटा तर इतका दुबळा की कागदही पार करत नाही. कार्बन-१४ ची अर्धी मात्रा जायला ५,७३० वर्षं लागतात आणि त्याचाही पिंपाबाहेर मागमूस नाही. त्यांच्यासाठी जगभर एक तोडगा वापरतात: सहज मोजता येणाऱ्या कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ शी त्यांचं गुणोत्तर काही नमुन्यांवरून बसवायचं आणि पुढच्या सगळ्या पिंपांना तेच लावायचं. तोडगा शास्त्रीय आहे, पण गुणोत्तर त्या भट्टीचं असतं. आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या. त्यांत ट्रिटियम आणि कार्बन-१४ साध्या पाण्याच्या भट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त तयार होतं. तारापूरचे पहिले दोन संच उकळत्या पाण्याचे, त्यांचं गणित तिसरंच. उद्या थोरियमचं चक्र सुरू झालं तर युरेनियम-२३२ च्या वंशातलं थॅलियम २.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण सोडत बसेल आणि त्या झगमगाटात बाकीचे किरण शोधणं कठीण होईल. फ्रान्सच्या किंवा अमेरिकेच्या पिंपांवर पारखलेलं यंत्र आपल्या पिंपांवर तसंच खरं उतरेल, असं म्हणायला काहीच आधार नाही.

कागदावर विसंबून राहिल्यानं काय होतं याचं उदाहरण जर्मनीत आहे. लोअर सॅक्सनीतल्या आसे या मिठाच्या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सुमारे १,२६,००० पिंपं टाकली गेली. आत काय आहे ते पाठवणाऱ्यानं लिहून दिलेलं. खाणीत पाणी शिरू लागलं, पिंपं बाहेर काढायची चर्चा सुरू झाली आणि जुनी कागदपत्रं पुन्हा उघडली गेली. २००९ मध्ये जाहीर करावं लागलं की प्लुटोनियम सुमारे साडेनऊ किलो नसून २८ किलोच्या घरात आहे. जर्मन माणूस नोंदी ठेवण्यात आपल्यापेक्षा ढिला, असं तर कुणी म्हणणार नाही. आता ती पिंपं परत वर काढण्याचा कायदाच त्यांना करावा लागला आहे.

उलट, चांगलं काय करता येतं तेही पाहा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडजवळ मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोल एक भांडार आहे. तिथे १९९९ पासून प्लुटोनियमनं दूषित झालेला कचरा जातो. ग्रॅममागे १०० नॅनोक्युरी, म्हणजे ३,७०० बेकरेलपेक्षा जास्त असेल तरच तो त्या वर्गातला. त्यामुळे मोजणाऱ्या यंत्राची कसोटी नेमकी या सीमेवर लागते. मोजणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला तिथे अंधचाचणी द्यावी लागते. खास पिंपं तयार करतात. एकात कापड-कागदासारखा भराव, दुसऱ्यात धातू, तिसऱ्यात गाळासारखं काही. आत उभ्या नळ्या असतात आणि त्यांत ज्ञात वजनाचे किरणोत्सारी नमुने. कुठल्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. तो तेच पिंप पुन्हा पुन्हा मोजतो, आकडे पाठवतो, आणि मग त्याचं उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून बघतात. सरासरी किती सरकली आहे आणि आकडे आपापसांत किती विखुरले आहेत, दोन्ही बघतात. मला या व्यवस्थेतलं सर्वांत जास्त आवडतं ते हे की परीक्षार्थी स्वतःच परीक्षक नाही.

ही व्यवस्थाही सर्वज्ञ नाही. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री त्याच भांडारात लॉस अलामोसहून आलेलं एक पिंप तापून फुटलं आणि कचरा घेणं जवळजवळ तीन वर्षं थांबलं. पिंपातला ओलावा शोषायला खनिज भुकटीऐवजी गव्हापासून बनवलेली, मांजरांच्या शौचपेटीत घालतात ती भुकटी वापरली होती. नायट्रेटच्या क्षारांशी तिचं जुळलं नाही. किरणोत्साराचं माप घेणारं कोणतंही यंत्र हे सांगू शकलं नसतं. पिंपात काय घातलं हे घालणाऱ्यानं प्रामाणिकपणे आणि तपशिलानं लिहिणं, याला यंत्राचा पर्याय नाही. युरोपीय संघानं २०१७ ते २०२२ या काळात 'चान्स' नावाचा प्रकल्प चालवला. त्यात उष्णतामापन, म्यूऑन आणि पिंपातून सुटणारा वायू लेझरनं ओळखणं ही तीन तंत्रं एकत्र अभ्यासली, त्यांनी एकमेकांची उणीव भरून काढावी म्हणून. मला हाच रस्ता बरोबर वाटतो.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. भाभा केंद्रात गॅमा स्कॅनरवर आणि न्यूट्रॉन मोजणीवर चांगलं काम झालं आहे. कचऱ्यातून वेगळं काढलेलं सीझियम काचेच्या कांड्यांत बंद करून रक्तपेढ्यांच्या विकिरण यंत्रांत वापरण्याची किमया ट्रॉम्बेनं करून दाखवली आहे. ज्यांना हे जमतं त्यांना पिंप मोजणं जमणार नाही, हे मी मानत नाही. प्रश्न इतकाच की त्यांच्या मोजण्याची परीक्षा कोण घेतं? २००० साली भाभा केंद्राच्या सुविधा आपल्या मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच सुरक्षा परिषदेकडे सोपवल्या गेल्या. ज्यानं मोजायचं त्याच्याच घरचा परीक्षक, अशी ही रचना. या पत्राची एक प्रत केंद्राच्या संचालकांनीही आपल्याच नावे आली आहे असं समजावं.

एक आडफाटा, पण महत्त्वाचा. कमी मोजलं तर धोका, हे सगळ्यांना कळतं. जास्त मोजण्याचा तोटा कुणी सांगत नाही. शंका आली की वरचा आकडा धरा, ही सवय वरवर सुरक्षित वाटते. पण चरांची क्षमता नुसत्या घनमीटरवर ठरत नाही, त्यांत किती बेकरेल ठेवायचे यावरही मर्यादा असते. फुगवलेला आकडा ती क्षमता खाऊन टाकतो आणि सौम्य कचरा महागड्या टाइल होलमध्ये जाऊन बसतो. पैसा आपलाच. शिवाय तारापूरचे जुने संच कधी ना कधी मोडावे लागणारच. तेव्हा पोलादाचे आणि काँक्रीटचे ढीग निघतील, आणि त्यातलं स्वच्छ कोणतं, दूषित कोणतं हे मोजूनच ठरेल. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. पोलाद भारतातून गेलेलं होतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातल्या कोबाल्टनं एका माणसाचा जीव घेतला. या दोन्ही घटनांचा अणुवीज प्रकल्पांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो वेळेवर आणि योग्य जागी न झालेल्या मोजणीशी.

तेव्हा आपल्याकडे मागणं असं आहे. आपल्या देशातल्या कचऱ्यासारख्याच कचऱ्याची प्रमाणित पिंपं करून घ्या. व्हर्मिक्युलाइट घातलेल्या सिमेंटचं एक, पॉलिमरमध्ये घट्ट केलेल्या रेझिनचं एक, झिर्कॅलॉयच्या तुकड्यांचं एक, फडकी-हातमोज्यांचं एक. आत काय ठेवलं ते मंडळाला ठाऊक, मोजणाऱ्याला नाही. देशातल्या प्रत्येक मोजणी यंत्रणेसमोर ती आळीपाळीनं ठेवा, यंत्र परदेशी असो की देशी. कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिलेलं नवं यंत्र घेऊन कुणी आलं तर त्यालाही आधी याच रांगेत उभं करा. वर्षातून थोडी खरी पिंपं उघडून, नमुना घेऊन ताडून बघा. फ्रान्समध्ये तिथली कचरा संस्था असं करते. पिंपावरच्या चिठ्ठीवर एकटा आकडा नको. त्याच्या शेजारी अनिश्चितता आणि मोजण्याची पद्धत छापा. उणे-अधिक पन्नास टक्के असेल तर तसं लिहा. या कामात ते लाजिरवाणं नाही, लपवलं तर मात्र आहे. आणि 'काही आढळलं नाही' असं लिहिताना यंत्राला कमीत कमी किती दिसू शकलं असतं तेही लिहा, नाहीतर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.

यातलं बरंचसं आतल्या आत चालूही असेल. मग ते बाहेर येऊ द्या. आपले वार्षिक अहवाल मी वाचतो. प्रकल्पातून हवेत आणि पाण्यात किती सुटलं, मर्यादेच्या किती टक्के, हे त्यांत छापलेलं असतं, आणि ते वाचून माझ्यासारख्याचा विश्वास वाढतो. तसंच चरांत गेलेल्या कचऱ्याचंही छापा: ठिकाणानुसार, मूलद्रव्यानुसार, अनिश्चिततेसह. फ्रान्स आणि ब्रिटन आपल्या कचऱ्याची राष्ट्रीय यादी नियमितपणे प्रसिद्ध करतात, त्यानं त्यांच्या सुरक्षेला बाध आलेला नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानं आपल्याकडे गोपनीयतेची सवय लावली हे खरं, पण मी अण्वस्त्रांचा साठा विचारत नाही. हातमोजे आणि फडकी भरलेली पिंपं विचारतो आहे. २०१२ मध्ये महालेखापालांनी वापरून झालेल्या किरणोत्सारी स्रोतांच्या विल्हेवाटीची पडताळणी पुरेशी नसल्याचा शेरा मारला होता. तो शेरा स्रोतांपुरता होता. चरांमधल्या पिंपांवर तसाच शेरा येण्याची वाट बघू नये.

अंधचाचणीचे पहिले निकाल वाईट लागण्याची शक्यता आहे. लागू द्या. वाईट निकाल छापणाऱ्या मंडळाच्या चांगल्या निकालावर लोक विश्वास ठेवतात. पुढच्या वार्षिक अहवालात त्यासाठी एक पान राखून ठेवावं आणि त्यावर यंत्राचं नाव, पिंपाचा प्रकार, खरा आकडा आणि मोजलेला आकडा असे चार रकाने असावेत, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
पालघर